फायनल उज्जैनला की देवासला

फुटबॉलशी माझा संबंध आला तो पोस्टर कलर संपले म्हणून.

मी उज्जैनच्या फ्रीगंजातल्या मुलींच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवते. रंगांची तक्रार घेऊन प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले, तेव्हा त्या हातात एक सरकारी कागद धरून बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मैडम, आपको फुटबॉल में रुचि है?"

मला वाटलं, कुठल्या तरी स्पर्धेचं पोस्टर करून हवं असणार. त्या निमित्ताने रंग तरी येतील. म्हटलं, "है ना, क्यों नहीं होगी."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुलींच्या राज्यस्तरीय शालेय फुटबॉल स्पर्धेची फायनल कुठल्या शहरात घ्यायची हे ठरवणाऱ्या समितीवर माझी नेमणूक झाली होती. समिती तिघांची, त्यात एक बाई हवीच, असा नवा नियम होता. खेळशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर. म्हणून मी. रंग मात्र आले नाहीत.

आदल्या वर्षी काय गोंधळ झाला होता ते मला नंतर कळलं. तेव्हाच्या समितीत दोनच माणसं होती आणि त्यांचं आपसात पटेना. दोघांनी दोन शहरं जाहीर केली. फायनलच्या दिवशी एक टीम एका गावी पोचली, दुसरी दुसऱ्या गावी. समोर कुणी आलंच नाही म्हणून दोन्हीकडे आपापली टीम विजयी ठरली आणि दोन्ही गावांत मिरवणुका निघाल्या. म्हणून यंदा समिती तिघांची आणि निर्णय एकमताचा. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय फायनल नाही.

पत्र घरी वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आमच्या ह्यांना झाला. हे बँकेतून नुकतेच रिटायर झालेले, आणि टीव्हीवर परदेशातल्या मॅचेस बघून स्वतःला त्या विषयातले जाणकार समजायचे. त्यांनी लगेच जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्या आणि मला ऑफसाइड शिकवायला घेतलं. ही आमटीची वाटी म्हणजे डिफेंडर, हा चमचा म्हणजे फॉरवर्ड, लिंबू म्हणजे बॉल. तीन वेळा सांगून झालं. मी तीनदा मान हलवली.

"कळलं का पण?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

तेवढ्यात सासूबाई ताटावरून म्हणाल्या, "अगं, सोपं आहे. पंगतीला आधीच जाऊन पाटावर ठाण मांडायचं नाही. वाढणाऱ्याच्या हातून सुटलं, की मग निघायचं."

ह्यांनी चमचा खाली ठेवला. आईला आपल्याआधी ऑफसाइड समजावून सांगता आला, हे त्यांना आजही पचलेलं नाही.

समितीचे अध्यक्ष भोपाळचे. रिटायर झालेले इंजिनियर, उंच, शांत, हातात कायम डायरी. कुणी काही बोललं की "नोट किया जाए" असं स्वतःलाच सांगायचे आणि स्वतःच लिहून घ्यायचे. दुसरे सदस्य जबलपूरचे खेळशिक्षक. त्यांच्या गळ्यात चोवीस तास शिट्टी, आणि विचार करताना ती तोंडात धरायची सवय. त्यामुळे ते विचार करायला लागले की आमच्या पाहणीच्या जीपमध्ये बारीकसा चूं चूं आवाज येत राहायचा. आवाज थांबला की समजायचं, सरांचं ठरलं.

उमेदवार शहरातला माणूस समितीत नको, असाही एक नियम होता. माझी नेमणूक झाली तेव्हा फक्त रतलाम आणि देवासचे अर्ज होते. उज्जैनचा अर्ज आला तो शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला. मी अध्यक्षांना फोन करून सांगितलं, की सर, मी तर उज्जैनचीच, माझं नाव काढून टाका. ते म्हणाले, "अब दूसरी महिला कहाँ से लाएँ? और आप तो कलाकार हैं, निष्पक्ष ही रहेंगी."

कलाकार निष्पक्ष असतात हे मला नवीनच होतं. आमच्या चित्रकला स्पर्धांचे निकाल त्यांनी पाहिले नसावेत.

पहिली पाहणी रतलामची. तिथे आम्हाला मैदानाआधी सेव दाखवली. लवंगाची, लसणाची, पालकाची, हिंगाची. एका लांब टेबलावर परातींची ओळच होती. अध्यक्षांनी प्रत्येक परातीपुढे उभं राहून नोंद केली. मग मैदान. मैदान खरंच छान होतं, हिरवं, मोठं. फक्त मधल्या वर्तुळाच्या जरा डावीकडे विजेचा खांब उभा होता.

"यह खंभा?" अध्यक्षांनी विचारलं.

"सर, उसकी चिंता मत करो," तिथले संयोजक म्हणाले. "उसको गद्दा बाँध देंगे."

खेळशिक्षकांच्या शिट्टीतून जीप उज्जैनला पोचेपर्यंत आवाज येत होता.

देवास दुसरं. तिथे ना हार, ना बँड. एक मध्यम वयाच्या कोचबाई ट्रॅकसूट घालून गेटवर उभ्या होत्या. त्यांनी चहा दिला, प्लेटमध्ये मोजून सहा बिस्किटं ठेवली आणि म्हणाल्या, "चलिए, ग्राउंड देख लीजिए." मैदान सपाट होतं. मला फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी सरळ रेष कळते. आयुष्य फूटपट्टी धरण्यात गेलंय. तिथले गोलाचे खांब सरळ उभे होते आणि वरचा आडवा दांडा मधे खचलेला नव्हता. कोचबाईंनी कपडे बदलायच्या खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला. शेवटी बाथरूमच्या दाराची कडी आतून लावून, आतूनच ओरडून विचारलं, "बंद हो रही है ना? दिख रहा है?" मी दार ढकलून पाहिलं. घट्ट बंद होतं. गेल्या सव्वीस वर्षांत मुलींना घेऊन मी किती स्पर्धांना गेले असेन. कडी लागणारं दार मी पहिल्यांदाच पाहत होते.

परतताना अध्यक्ष जरा नाराज दिसले. "स्वागत ठंडा था," म्हणाले, आणि नोंद केली.

आता राहिलं उज्जैन.

उज्जैनचे संयोजक म्हणजे महाकाल मंदिराजवळ पूजेच्या सामानाचं दुकान असलेले एक व्यापारी. अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून. बँकेत ह्यांच्या काउंटरवर वर्षानुवर्षं येणारे, म्हणून मी त्यांची भाभीजी आणि सासूबाई त्यांच्या आईजी. पाहणीच्या आदल्या आठवड्यात ते घरी आले, सासूबाईंच्या पाया पडले आणि सोफ्यावर बसून म्हणाले, "भाभीजी, अपन को क्या बोलना है. घर की बात है."

मी म्हटलं, "मैदान बघून ठरवू ना, भाईसाहब."

"हाँ तो देखो ना! मैदान कहाँ भाग रिया है?"

तोवर ही बातमी शहरभर झाली होती. भाजीवाला मागितल्याशिवाय कोथिंबीर टाकायला लागला आणि वर "मैडम, मैच अपने याँ ही रखना" असं बजावायचा. ह्यांच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींनी ह्यांना बाकावर मधली जागा द्यायला सुरुवात केली. शेजारच्या वहिनींनी लिफ्टमध्ये सांगितलं, "हे बघा, आपली माणसं इतक्या वर्षांनी कुठल्या तरी कमिटीत गेलीत. फायदा नाही करून घेतला तर काय उपयोग?" आपली म्हणजे उज्जैनची की मराठी, ते विचारायच्या आत त्यांचा मजला आला.

पाहणीचा दिवस संयोजकांनी असा आखला होता की मला आजही त्यांचं कौतुक वाटतं. सकाळी सातला समितीला दर्शन. अध्यक्ष गाभाऱ्याच्या बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. पुढचा तासभर त्यांनी डायरी उघडली नाही. मग पोहे-जलेबी. मग नदीकाठी एक चक्कर. जाताना सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या चार रस्त्यांना वळसे. आणि साडेअकरालाच जेवण: दाल-बाफले. बाफला म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, तुपात बुडवून काढलेला. एका बाफल्याने माणूस सुस्तावतो, दोनांनी आडवा होतो. अध्यक्षांनी तीन खाल्ले. खेळशिक्षकांना चौथा वाढताना संयोजक म्हणाले, "खिलाड़ी आदमी हो, इत्ते में क्या होता है?"

दोन्ही सदस्य साडेचारपर्यंत झोपले. मी खुर्चीवर बसून दोघांच्या घोरण्यातला फरक ऐकत होते. मैदान दाखवायला निघालो तेव्हा ऊन कललं होतं आणि कुणालाच नीट दिसू नये असा प्रकाश होता.

मैदानाच्या गेटवर बँड. आत मांडव. गेटपासून मांडवापर्यंत लाल गालिचा, आणि दोन्ही बाजूंनी आमच्याच शाळेच्या मुली, ज्या फुटबॉल खेळतात त्याच, साड्या नेसून, हातात ओवाळायची तबकं घेऊन. त्यांना धड चालता येत नव्हतं. टोकाला उभी होती आमची गोलकीपर, शहराच्या कडेच्या भैरवगढमधल्या, कापडावर ठसे छापणाऱ्या एकाची मुलगी. वर्गात ती चित्रं अगदी सामान्य काढायची, पण ठसे देताना तिचा हात कधी हलला नाही. तिने मला कुंकू लावलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "मैडम, गलीचे पे मत चलना."

मला काही समजलं नाही. पण गालिच्याकडे नीट पाहिलं तर जाणवलं की तो सरळ जात नाहीये. गेटपासून थोडा पुढे, मग डावीकडे वळण, मग पुन्हा उजवीकडे, मधे एक सुटा चौकोनी तुकडा, मग परत लांब पट्टा. स्वागताचा गालिचा असा कुणी घालत नाही. मी कडेने गवतातून चालायला लागले. अध्यक्ष माझ्या मागोमाग आले, कारण त्यांचे बूट नवे होते आणि गालिच्यावर मुलींनी पाकळ्या टाकल्या होत्या.

खेळशिक्षक मात्र पाहुण्याच्या ऐटीत गालिच्याच्या मधोमध चालत होते. शिट्टी तोंडात होती, म्हणजे विचार चालू होता. सुट्या चौकोनी तुकड्यावर त्यांनी पाय ठेवला आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत गालिच्यासकट जमिनीत गेला. छातीतली सगळी हवा शिट्टीतून बाहेर पडली. एवढी लांब, एवढी खणखणीत शिट्टी मी त्यानंतरच्या एकाही मॅचमध्ये ऐकली नाही. बँडवाल्यांना शिट्टीवर सुरू करायचं असं सांगून ठेवलेलं असावं. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. मुलींनी पाकळ्या उधळल्या. सर खड्ड्यात, डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या, आणि संयोजक दोन्ही हात वर करून बँडला ओरडतायत, "अबे रुको! रुको रे!"

सगळे सरांना बाहेर काढायला धावले. माझ्या शेजारी ती गोलकीपर येऊन उभी राहिली.

"असे किती आहेत?" मी विचारलं. वर्गात मी मुलींशी हिंदीत बोलते, पण गडबडीत मराठीच तोंडातून गेलं. तिला कळलं.

"सात. हमको सब याद हैं, तो हम लोग बचा के खेलते हैं. बाहर वालों को नहीं मालूम रहेगा." मग ती मला पूर्वेकडच्या गोलाशी घेऊन गेली. खांबांमध्ये गवत नव्हतंच, बारीक गिट्टी, म्हणजे खडी होती. तिने साडीचा पदर सारून कोपर दाखवलं. जुन्या जखमेवर नवी, नवीवर त्याहून नवी.

"तुला काय वाटतं? मॅच कुठे व्हावी?"

हा प्रश्न समितीच्या सदस्याने एका खेळाडूला विचारायचा नसतो, पण दुसरं कुणाला विचारणार होते? तिने तबकातलं निरांजन सरळ केलं.

"मैच तो यहीं होना मैडम. पापा ने मेरा एक भी मैच नहीं देखा. देवास तो वो आएँगे नहीं, यहाँ शायद आ जाते." मग म्हणाली, "पर डाइव मैं वहाँ मारूँगी."

संध्याकाळी सहाला आम्ही तिघं विश्रामगृहात बसलो. खेळशिक्षकांचा गुडघा क्रेप बँडेजमध्ये. अध्यक्षांनी डायरी उघडली. रतलाम खांबामुळे बाद, यावर दोन मिनिटांत एकमत झालं.

"तो उज्जैन," अध्यक्ष म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "सर, देवास."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात मीठ मागितलं होतं. अध्यक्षांनी समजावलं, की उज्जैनला मॅच ठेवली तर दर्शनही होईल. कुणाला, असं विचारलं तर म्हणाले, "सबका. खिलाड़ियों का." मग कळलं की त्यांच्या पत्नी, व्याही, विहीणबाई आणि भोपाळची आणखी काही मंडळी फायनलला येणार हे त्यांनी दुपारच्या झोपेआधीच फोनवर ठरवून टाकलं होतं. खेळशिक्षक म्हणाले, "गड्ढे तो भर जाएँगे. और देखिए, इतने में भी पैर टूटा नहीं. यह कृपा नहीं तो क्या है?"

मला वाद घालता येत नाही. घरातही मी हरते. डोळ्यांसमोर भाजीवाल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळं शहर उभं होतं. माझ्या सहीसाठी पुढे केलेला कागद मी बघत राहिले. त्यावर उज्जैन लिहिलेलं सुंदर दिसत होतं. लिहिणाऱ्याचं अक्षर चांगलं होतं.

शेवटी मी खेळशिक्षकांना एवढंच विचारलं, "सर, आज जो आपने सीटी बजाई, उस पर रेफरी क्या देता?"

ते हसले. मग हसू थांबलं. शिट्टी तोंडात गेली. चूं चूं चालू झालं. अध्यक्ष आणि मी ऐकत बसलो. बऱ्याच वेळाने आवाज थांबला, त्यांनी शिट्टी बाहेर काढून रुमालाने पुसली आणि म्हणाले, "मैच ही रोक देता. देवास."

आता अध्यक्ष एकटे राहिले. ते भांडले नाहीत. फक्त इतके उदास झाले की मला त्यांची दया आली. आणि त्या दयेच्या भरात मी माझ्या आयुष्यातली पहिली लाच दिली. म्हटलं, "सर, देवासहून उज्जैन तासाभराचं आहे. मॅचच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन या. दर्शनाला मी बरोबर येईन. जेवायला आमच्याकडे. माझ्या सासूबाई पुरणपोळी करतात."

"पूरनपोली," अध्यक्ष म्हणाले. "कितने लोग आ सकते हैं?"

"जितके असतील तितके."

त्यांनी नोंद केली, आणि सही केली. पुढे मॅचनंतर अकरा जण आले. सासूबाईंनी मला त्यानंतर चार दिवस पुरणयंत्राकडे बोट दाखवून काहीही न बोलता जे ऐकवलं, ते मला पाठ आहे.

निकाल दुसऱ्या दिवशी फुटला. संयोजकांचा फोन आला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"भाभीजी, आपने तो अपने ही गोल में गोल मार दिया."

मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी फोन ठेवला होता. कोथिंबीर बंद झाली. बाकावरची ह्यांची मधली जागा गेली. मग कडेचीही गेली आणि हे उभेच राहायला लागले. प्राचार्यबाई म्हणाल्या की सरळ नाही म्हणता आलं नसतं का तुम्हाला, फुटबॉलमध्ये रुची आहे का असं विचारलं होतं तेव्हाच. घरी ह्यांनी तीन दिवस मौन धरलं. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू खड्डे मोजले होतेस?"

"सात."

"मग ते आधी सांगायचं ना, मला लोकांना सांगायला काहीतरी मिळालं असतं." दुसऱ्या दिवसापासून ते बाकाजवळ उभे राहून येईल त्याला खड्ड्यांची जागा हवेत बोटाने काढून दाखवू लागले. पेनल्टी बॉक्समध्ये दोन, सेंटरला एक, असं.

आणि मग एक अडचण अशी झाली, की आमच्या मुलींनी सेमीफायनल जिंकली. उज्जैन फायनलला, आणि फायनल देवासला, आणि ती तिथे नेणारी मी.

मॅचच्या तीन दिवस आधी मी रिक्षा करून भैरवगढला गेले. गोलकीपरचे वडील लांब टेबलावर कापड पसरून ठसे मारत होते. लाल रंगाने मनगटापर्यंत हात रंगलेले. माझ्याकडे न बघताच त्यांनी स्टूल सरकवलं, ओळ पुरी केली, मग मान वर केली.

"मैडमजी, मेरे को उसमें कुछ समझ नी पड़ती. वो गेंद रोकती है, इत्ता पता है. और ये ऑर्डर सोमवार को देना है."

मी मॅचबद्दल काही बोललेच नाही. म्हटलं, तिच्या कोपराला औषध काय लावता?

"साइकिल से गिरती है," ते म्हणाले. मग हातातला ठसा तसाच धरून थांबले. "इत्ती बार कौन गिरता है? मैं भी सोच रिया था."

मी त्यांना गिट्टीबद्दल सांगितलं. मुलीचं गुपित फोडतेय हे कळत होतं, पण आता मागे फिरता येईना. त्यांनी ऐकून घेतलं, ठसा रंगात बुडवला, कापडावर ठेवला आणि मुठीने ठोकला. तो ठसा ओळीत बसला नाही. त्यांनी त्या चुकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस कित्ते बजे है?"

बस संयोजकांनीच केली होती. एक नव्हे, दोन. रागावले तरी शहर त्यांचंच होतं. मी चढले तेव्हा त्यांनी दुसरीकडे तोंड केलं, पण खिडकीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवायला लावली. बँड होता, सेव-परमल म्हणजे शेव-कुरमुरे होते, आणि टपावर तो लाल गालिचा होता, बसायला.

देवासच्या मैदानावर गोलकीपरचे वडील माझ्या शेजारी बसले. समोरची टीम सागर शहराची. मॅच सुरू झाली, बॉल सागरच्या गोलाकडे गेला, सगळे उठून ओरडायला लागले. हे गृहस्थ बॉलकडे पाठ करून आपल्या मुलीकडे बघत होते. ती रिकाम्या गोलात एकटी उभी, उड्या मारत, हातमोजे आपटत.

"बॉल तिकडे आहे," मी म्हटलं.

"हाँ, पर छोरी इधर है."

पूर्ण पहिला हाफ त्यांनी असा पाहिला. तिने पहिली डाइव्ह मारली तेव्हा डोळ्यांवर हात घेतले. ती गवतावर पडली, बॉल छातीशी धरून लोळली आणि उठून उभी राहिली. त्यांनी बोटांच्या फटीतून मला विचारलं, "लगी?"

"नाही लागलं."

दुसऱ्या डाइव्हला त्यांनी एकच डोळा झाकला. तिसरीला उभे राहून असे ओरडले की संयोजकांनी मागे वळून पाहिलं, आणि माझ्याकडेही पाहिलं. मग सेव-परमलचा पुडा त्यांनी माझ्यापुढे केला. मी मूठभर घेतलं.

गोल कुणाचाच झाला नाही. पेनल्ट्या लागल्या. आमच्या पोरीने पहिली अडवली, तिसरी अडवली. पण आमच्या पाचजणींपैकी तिघींनी बॉल गोलाच्या बाहेर मारला. एकीचा तर थेट पाहुण्यांच्या मांडवात, अध्यक्षांच्या व्याह्यांच्या चहाच्या कपाजवळ. हरलो. सागरच्या मुली एकमेकींवर कोसळल्या. आमची गोलकीपर दोन खांबांच्या मधे मांडी घालून बसली आणि उठेना.

मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघणार. घरच्या मैदानावर असतो तर, असं कुणीतरी म्हणणार. म्हणालंही एक जण. संयोजकांनी त्याला गप्प केलं. "घर पे होते तो ये सागर वाली छोरियाँ गड्ढे में मिलतीं," ते म्हणाले. "ऐसी जीत का क्या अचार डालते?" आणि त्यांनी बँडला वाजवायला सांगितलं. बँडवाल्यांना हरल्यावर काय वाजवायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी वरातीचं वाजवलं.

देवासच्या कोचबाई मैदानात जाऊन पोरीच्या शेजारी खाली बसल्या. काय बोलल्या ठाऊक नाही. थोड्या वेळाने दोघी उठल्या.

परतीच्या बसमध्ये ती वडिलांच्या शेजारी बसली, माझ्या पुढच्या सीटवर. वडील खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "वो चौथा वाला तो तू रोक सकती थी."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता ती रडणार.

"पापा, वो नीचा था!"

"तो तू ऊपर क्यों कूदी?"

"उसने ऊपर देखा था, तो मैंने समझा ऊपर मारेगी."

"उसके पाँव देखने थे. मैं तो पाँव देख रिया था."

"आप तो आँख बंद करके बैठे थे, मैंने देखा."

"पेनल्टी में नी की," वडील ठामपणे म्हणाले. मागून संयोजकांनी तोंड घातलं की पाचवाही अडवता आला असता. त्यावर वडिलांनी मागे वळून त्यांना सुनावलं की पाचवा कुणालाच अडवता आला नसता, तुम्हाला त्यातलं काय कळतं. पोरगी उठून मधल्या जागेत उभी राहिली आणि चौथा बॉल कसा आला ते वाकून दाखवायला लागली. ड्रायव्हर ओरडला, "बैठ जाओ, बिटिया!" ती बसली नाही. वडिलांनी तिच्या जर्सीचं टोक मागून धरून ठेवलं आणि म्हणाले, "हाँ, अब बता. कित्ता नीचा?"